भाड्याच्या घरातील वास्तुशांती

आजवर मी शेकडो घरांची वास्तुशांती केली. त्यांतील एक करावयास नको होती, आणि नेमकी तीच मी स्वतःसाठी केली.

तेव्हा मी औरंगाबादेत एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि सवडीने पौरोहित्यही करीत असे. खाम नदीच्या बाजूला, एका जुन्या बैठ्या घरात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मालक पिशोरचे मोठे शेतकरी. सारे त्यांना पाटील म्हणत. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेस निघून गेलेल्या एका कुटुंबाकडून त्यांच्या वडिलांनी ते घर विकत घेतले होते. पाटलांच्या घरचे कोणी मात्र तेथे एक दिवसही राहिले नव्हते.

आम्ही तिघे होतो: मी, माझी पत्नी आणि माझे वडील. वडिलांची दृष्टी साठीनंतर गेली. वेदपाठी माणूस, त्यांनी त्या दोन खोल्याही संहिता पाठ करावी तशाच पाठ केल्या होत्या, आधी एकेक पद, मग क्रम. उंबरा, कोनाडा, देवघर, मोरी. भिंतीवरून बोटे फिरवीत ते पहाटे स्नानाला एकटे जात. कोणी हात पुढे केला तर म्हणत, "अजून वेळ आहे त्याला." त्या घराबाहेर मात्र ते चार पावलेही टाकू शकत नसत. म्हणून ते घर सुटणे म्हणजे आमच्यासाठी केवळ बिऱ्हाड हलवणे नव्हते. वडिलांची दृष्टी दुसऱ्यांदा गेली असती.

आणि घरे सुटू लागली होती. चिकलठाण्याकडे कारखाने उभे राहिले होतेच, पुढे वाळूजकडेही राहिले. बाहेरगावांहून तरुण मुले येत आणि एकेका खोलीत चौघे चौघे राहत. चौघांचे मिळून जे भाडे होई, ते माझ्या निम्म्या पगाराहून अधिक असे. आमच्या गल्लीतून एका वर्षात तीन कुटुंबे उठली. पाटलांच्या फटफटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की पत्नी दोरीवरचे कपडे काढून घरात आणी. आमचा संसार जितका लहान दिसेल तितका तो टिकेल, असे काहीसे तिच्या मनात असावे. मी तिला कधी विचारले नाही, कारण त्याच वेळी मीही माझे जोडे आत उचलून ठेवीत असे.

या भयातूनच माझ्याकडून चूक घडली. त्या वास्तूची शांती कोणीच केली नव्हती, हे मला ठाऊक होते. अशांत वास्तूत कोणाचेच पाऊल स्थिर राहत नाही, असे माझ्या मनाने घेतले. मार्गशीर्षातला चांगला दिवस पाहून, चार स्नेही ब्राह्मणांना बोलावून मी विधी केला. आग्नेय कोपऱ्यातली शहाबादी फरशी उचलली, वास्तुप्रतिमा पेटीत अधोमुख ठेवून पुरली आणि वर सिमेंट भरले. त्या आठवड्यात मला शांत झोप लागली.

पुढच्या भाड्याला पाटील आले. उंबऱ्याच्या आत आले की त्यांची दृष्टी आधी जमिनीवर जाई.

"गुरुजी, ही फरशी कुणी उचलली?"

मला खोटे बोलता येत नाही. तो माझा गुण नव्हे, सवय आहे. मी सांगितले.

पाटील बराच वेळ ओल्या रंगाच्या त्या सिमेंटकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वास्तुशांत घरधनी करतो, का भाडेकरू?"

"पाटील, वास्तूचे कल्याण व्हावे एवढाच हेतू होता."

"कल्याण कुणाचं? घर माझं, अन् देव तुमचा पुरला. उद्या कोर्टात चार बामनं उभी करताल, म्हणताल, बघा, वास्तू आमी केली, घर आमचं हाय. गावात लई झालंय असं."

"मी तसा माणूस वाटतो का आपल्याला?"

"नाय वाटत. म्हणूनच भ्या वाटतंय." त्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढली. "संक्रांतीला खोल्या मोकळ्या करा."

संक्रांतीला तीन आठवडे उरले होते. शाळा सुटली की मी खोल्या शोधू लागलो. सिडकोत एका गृहस्थांनी दार अर्धेच उघडून विचारले, "कंपनीत का?" मी म्हटले, "शिक्षक आहे." "पगार वेळेवर होतो का हो तुमचा?" असे म्हणून ते हसले, आणि त्यांनी जे डिपॉझिट सांगितले ते ऐकून मी पाणीही न मागता जिना उतरलो. दौलताबादच्या रस्त्याला एक खोली परवडणारी होती. तेथे मोरी बाहेर, आणि मोरीच्या वाटेवर उघडी विहीर. ती विहीर मी वाकून पाहिली. मग तसाच घरी परतलो.

वडिलांना आम्ही काही सांगितले नव्हते. पण पाटील बोलले तेव्हा ते आतल्या खोलीत जपाला बसले होते, हे आम्ही विसरलो होतो. एके दिवशी सायंसंध्या आटोपल्यावर त्यांनी मला जवळ बसवले.

"संकल्पात यजमान म्हणून गोत्र कोणाचे उच्चारलेस?"

"आपले."

"मग त्या माणसाचे काय चुकले? तू देवासमक्ष त्याचे घर आपले म्हणालास. शिकलेल्याने ही चूक करावी? जा, त्याला यजमान कर."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने पिशोरला गेलो. पाटील ओसरीवर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच बोललो: माझी चूक झाली आहे, पहिली प्रतिमा मी विधिपूर्वक काढून घेतो, आपण सपत्नीक बसा, आपल्या नावाने शांती करू, दक्षिणा नको.

"हे आता नवीन काय काढलं?" पाटील म्हणाले.

तेवढ्यात दाराआडून त्यांच्या पत्नी बोलल्या, "अवं, आपल्या घराची वास्तूच झाली नव्हती व्हय? एवढी वर्सं? अन् तुमी त्यांच्यावरच तापलाव!"

"तू गप बस."

"मी नाय गप बसत. गुरुजी, आदी बसा तुमी. च्या टाकते."

संक्रांत गेली, माघात मुहूर्त निघाला. पाटील सपत्नीक यजमान म्हणून बसले, त्यांच्यापुढे मी पुरोहित म्हणून बसलो. पाटलांना गोत्र ठाऊक नव्हते. रीतीप्रमाणे मी काश्यप म्हटले. ज्या घरात राहण्यासाठी मी धडपडत होतो, ते माझे नाही, हे मीच मंत्रपूर्वक, एकही स्वर न चुकवता सांगितले. पाटीलबाईंनी आमच्याच चुलीवर दूध उतू घातले. मग त्या दोन्ही खोल्या फिरून आल्या.

"घर बरं हाय की. थोरल्याला कालिजासाठी इथंच ठेवू," त्या पतीला म्हणाल्या.

माझ्या पत्नीच्या हातातली पळी पातेल्यावर वाजली. पाटील वडिलांच्या पाया पडायला वाकले होते, तसेच वाकून त्यांनी विचारले, "आजोबा, तुमाला दुसरीकडं जमंल का?"

वडिलांनी आशीर्वादासाठी हात उचलला होता. तो हवेत थांबला. मग त्यांनी तो पाटलांच्या मस्तकावर ठेवला आणि म्हणाले, "मला डोळे नाहीत, पाटील. घर आपले आहे."

पाटील उठले. उपरणे खांद्यावर नीट केले. "पोराचं बघू मग," ते म्हणाले. "आजोबा हायत तवर राहा."

आम्ही राहिलो. पण ते वाक्य माझ्या कानात रुतले. त्या दिवसापासून वडिलांचे वय आणि आमचे छप्पर ही एकच गोष्ट झाली. त्यांना खोकला आला तरी मी दचके. रात्री त्यांचा श्वास ऐकत पडून राही, आणि तो ऐकताना मी पुत्र आहे की भाडेकरू, हे माझे मलाच सांगता येत नसे.

सहा वर्षांनी, एका उन्हाळ्यात, वडील त्याच खोलीत शांतपणे गेले. चौथ्या दिवशी पाटील भेटीला आले. जमिनीवर माझ्या शेजारी बसले, वडिलांविषयी चांगले बोलले, डोळेही पुसले. मी मान खाली घालून ऐकत होतो. त्या क्षणी माझ्या मनात पितृशोक नव्हता. हा माणूस आता काय बोलेल, एवढेच भय होते. त्या भयाची लाज मला आजही वाटते.

उठताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सुतक फिटू द्या, गुरुजी. घाई नाय. मंग बोलू घराचं."

दशक्रियेला अजून सहा दिवस होते. सुतकाचे दिवस सरू नयेत असे वाटणारा माणूस मी तोवर कुठे पाहिला नव्हता.