गंगूबाईंची अट

आमच्या मंडळीत गंगूबाई सोनोने यांना सगळे मावशी म्हणतात. मी त्या चर्चमध्ये पेटी वाजवतो. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा काही राहून गेलं तर सांभाळून घ्यावं.

मावशींनी अमरावतीत एका दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलं. नवी गाडी घरी आली की पाळकांनी हँडलवर हात ठेवून प्रार्थना करायची आणि मगच ती रस्त्यावर काढायची, ही आमची रीत. त्यांचा थोरला अंकुर तेवढं थांबला नाही. नव्या मोटारसायकलवर अकोल्याकडे निघाला, तो परत आला नाही. त्याला सहा वर्षं झाली.

धाकटा कुलदीप मोटार वायंडिंग करतो. त्यानं तीन मित्रांना घेऊन बँड काढला. गाणी येशूची, पण गिटार, ड्रम आणि वऱ्हाडीत रॅप. पहिला अल्बम आठ गाण्यांचा झाला. शेवटच्या गाण्यात तो भावाला का नेलंस म्हणून देवालाच विचारतो, "कावून नेला रे?" आणि मध्येच मावशी दळणाच्या चालीवर स्तोत्र म्हणतात. त्यासाठी मावशींनी एकच अट घातली होती. पाळकांची प्रार्थना झाल्याशिवाय गाणी कोणाच्या कानावर जायची नाहीत.

गाणी इंटरनेटवर सोडायला कुलदीपनं रविवारी दुपारी बाराची वेळ ठरवली. पाळक अकोल्याची सकाळची उपासना आटोपून साडेदहाला आमच्या चर्चमध्ये पोचणार होते, आम्ही सगळे तिथंच जमलो होतो. त्यांची बस मूर्तिजापूरजवळ बंद पडली.

साडेअकराला कुलदीपनं राजापेठेतल्या स्टुडिओवाल्या यशोधनला फोन लावला. "भाऊ, तासभर थांबव ना."

"माझ्या हातात नाही रे. पंधरा दिवस आधी वेळ टाकलीय. बाराला आपोआप सुटणार."

कुलदीपनं फोन ठेवला. तो आईपाशी येऊन उभा राहिला.

"काय झालं? सांग ना!"

त्यानं सांगितलं. मावशी बाकावर बसल्या. पाळकांचा फोन आला, "मी इथूनच प्रार्थना करतो." दोन वाक्यं ऐकू आली आणि आवाज तुटला.

"माय, तूच कर," कुलदीप म्हणाला.

"मी? म्या जन्मभर फक्त आमेन म्हटलं." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आन् हात कशावर ठेवू? गाडी हाये का ते?"

ड्रमवाला श्याम धावत गिटार घेऊन आला. मावशी खेकसल्या, "ठेव तिकडं! ते कुठी चाललं हाये?"

बाराला आठ कमी होते. मावशी उठल्या आणि कुलदीपच्या डोक्यावर हात ठेवला. "देवा, एक नेला तू. गाण्याचं तुले वाटन ते कर. याले घरी येऊ दे, रोज, संध्याकाळी..." पुढे शब्द सुचेनात, तरी थांबेनात. तेच तेच म्हणत राहिल्या.

बारा वाजले. कुलदीपच्या खिशातला फोन थरथरू लागला, थांबला, पुन्हा थरथरला. त्यानं तो काढला नाही. आम्ही कोणीही डोळे उघडले नाहीत.