जेवायला थांबता का?

लढाईचं वारं सुटलं तशी बायकोला माहेरी नागपूरला पाठवलं आणि जबलपूरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मी आणि माझा स्टोव्ह असे दोघंच उरलो. स्टोव्ह माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.

त्याच सुमारास कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये इटलीहून एक अवाढव्य मशीन आलं, आणि ते बसवायला एक मिस्त्री. त्याला इंग्रजी येईना. साहेबांनी विचारलं, "याची भाषा कोण शिकेल?" मी हात वर केला. म्हटलं, बोलायला कोणीतरी मिळेल.

साहेबांनी इंग्रजीतून इटालियन शिकवणारं एक पुस्तक दिलं. त्यात सगळ्या विनंत्या. आपल्या घरात "पाणी दे गं" एवढ्यात काम भागतं. तिथे आधी "पेर फावोरे", कृपा करून, मग पुढचं. संध्याकाळी मी रिकाम्या घरात हात पसरून, मान झुकवून म्हणायचो, "कृपा करून मला जरा मीठ मिळेल का?" मीठ जागचं हलत नसे.

कारखान्यात मात्र मिस्त्रीशी माझं बोलणं नट-बोल्टांपुरतंच. एका रविवारी दुपारी मशीनचे कागद द्यायला मी तो उतरला होता त्या गेस्ट हाउसवर गेलो. तो स्वतः शेवयांसारखं काहीतरी शिजवत होता. लसणाचा असा वास, की माझ्या पोटानं तिथेच बैठक मारली. त्यानं विचारलं, "जेवायला थांबता का?" अगदी पुस्तकातलं वाक्य!

मी म्हणालो, "नको, आभारी आहे."

आता तो आग्रह करणार, मी पुन्हा नको म्हणणार, तिसऱ्यांदा "बरं, थोडंसंच" म्हणून पाट ओढणार. पण त्यानं नुसती मान डोलावली आणि एकाच बशीत वाढून घेतलं. मी दारात बुटाची नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. आतून काट्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी शेजारच्या मशीनवरच्या काकांना सांगितलं.

"काहून रे, भूक नव्हती?"

"होती न, काका! पण पहिल्याच फटक्यात हो कसं म्हणू?"

"मग बस आता स्टोव्हशी बोलत."

आठवडाभर एकच वाक्य घोकलं: तुमच्याबरोबर जेवायला मला फार आवडेल. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेस्ट हाउसवर पोचलो. खानसामा एकटाच ओट्यापाशी बसला होता.

"इटलीवाले साहब तो कल शाम की गाड़ी से निकल गए, भैया. लड़ाई है न. घर से तार आया था."

मी उभाच राहिलो. वाक्य तोंडात तयार होतं.

"खाना खाओगे?" त्यानं विचारलं.

"हाँ," मी ताबडतोब म्हणालो.

तो चपापला. बिचाऱ्यानं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं. मग उठला, आणि आपल्या चार पोळ्यांतल्या दोन माझ्या ताटात ठेवल्या.