हलक्या हाताचे ब्रदर

"झालं, झालं, काही नाही झालं," असं म्हणेपर्यंत ब्रदरांची सुई टोचून बाहेरही आलेली असायची. टोचताना पेशंटच्या आधी तेच कळवळायचे.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, ओमती भागाजवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये ब्रदर आणि मी नर्सचं काम करायचो. पुरुष नर्स म्हणून सगळे त्यांना ब्रदर म्हणत. त्यांची बायकोसुद्धा फोनवर "ब्रदर आहेत का?" असं विचारायची आणि स्वतःच हसायची. हात इतका हलका, की लोक त्यांची ड्यूटी विचारून लेकरांना आणत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. डॉक्टरपेक्षा त्याच्यावरच लोकांचा भरवसा.

रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचं प्रशिक्षण लागतं. ते ब्रदर टाळत आले होते. माझी मुदत अजून लांब होती, पण त्यांची संपत आली तेव्हा मीच त्यांना ओढत नेलं. "तीस वर्षं हेच करून राहिलो, आता काय शिकवतील मला?" असं रस्ताभर चाललं होतं. फाइल धरलेला हात मात्र घामेजला होता.

वर्गात जमिनीवर रबराचा पुतळा होता. हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची, ते त्याच्यावर शिकवत. पुरेसं खोल दाबलं की आतून टक् असा आवाज येई. ब्रदर गुडघ्यांवर बसले, दाबत राहिले. आवाज आलाच नाही.

शिकवणारी त्यांच्या लेकीच्या वयाची होती. "सर, और ज़ोर से. इतने में खून दिमाग तक नहीं पहुँचेगा."

"पसली टूट जाएगी, बेटा."

"टूटने दीजिए."

ब्रदर तसेच बसून राहिले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी दिलं तर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मी असंच दाबत आलो गं. सगळ्यांना."

हजेरीवर सही केली असती तर तास मिळाले असते. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढच्या बॅचला परत आले, मनगटं सुजेपर्यंत शिकले. नूतनीकरण झालं. भीती तेवढी राहिली. बाहेर कुणी जोरात हाक मारली की ते पांढरे पडत. डबा उघडत आणि तसाच बंद करत.

एकदा औषधांच्या कपाटाआड मला म्हणाले, "सराफ्यातले ते शेठजी आठवतात? इथे आपल्याकडेच, खुर्चीत कोसळले होते. किती वेळ दाबत होतो मी."

"वय झालं होतं त्यांचं, ब्रदर."

"काहून समजावते मला? किती खोल दाबलं, पाहिलं होतं का तू?"

मी कपाटातल्या बाटल्या उगाच सरळ करत राहिले. छाती दाबायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

एका रविवारी ते मला घेऊन सराफ्यात गेले. "एकट्यानं नाही जमणार," म्हणाले. शेठजींच्या बायकोनं लगेच ओळखलं. "अरे भैया! उस दिन आपने कितनी मेहनत की थी!" म्हणत चहा आणला. ब्रदरांनी कप उचलला, परत ठेवला आणि अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिनं चहाचा ट्रे बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ठीक से करते तो बच जाते?"

"मालूम नहीं, माँजी."

मला वाटलं, आता ही ओरडेल, मुलांना बोलावेल, पोलिसात जाईल. मी पर्स घट्ट धरून दाराकडे बघत होते. तिनं कप फक्त त्यांच्याकडे सरकवला. "पी लीजिए. ठंडी हो रही है."

ब्रदर प्यायले.

पुढे रिटायर होऊन ते अमरावतीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. मला ते आठवतात ते त्या घराच्या जिन्यावर. आम्ही निघालो तेव्हा ती बाई दारापर्यंत आली.

"सँभल के, भैया. सीढ़ी में अँधेरा है."

ब्रदर भिंतीला हात लावून एकेक पायरी चाचपत उतरले. आम्ही गल्लीत पोचेपर्यंत ती वर मोबाइलचा उजेड धरून उभी होती.