एका नंबरावर दोघी

आमच्या कारखान्यात संगणक आला तेव्हा त्याची रीतसर पूजा झाली. शेठनी नारळ फोडला, आणि पाणी पडद्यावर उडू नये म्हणून मुंबईहून आलेले साहेब मध्ये दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांचा शर्ट भिजला, संगणक वाचला. मला तो माणूस तेव्हाच आवडला. पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता, आणि तेच मला अजून खटकतं. कोणाचा तरी दोष असता तर चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

कारखाना मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. बंदरावरून कोळंबी यायची, बायका ती सोलायच्या, मग ती गोठवून परदेशी जायची. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी पुण्याला मावशीकडे राहून संगणकाचा कोर्स करून आले होते, आणि त्या कोर्सचं रत्नागिरीत काय लोणचं घालायचं, हा विषय घरात रोज जेवताना निघायचा. ही नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "शिक्षण संगणकाचं आणि वास कोळंबीचा!" वास खरंच यायचा. संध्याकाळी मागल्या दाराने न्हाणीघरात जाऊन आल्याशिवाय मला कोणी माजघरात घेत नसे.

मुंबईच्या कंपनीने हजेरीचा आणि वजनाचा प्रोग्राम लिहून दिला होता. प्रत्येक बाईला एक कार्ड, त्यावर तिचा नंबर आणि फोटो. फाटकावर नंबर टाईप केला की काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तिचं नाव यायचं, आणि दिवसभर तिने सोललेल्या मालाचं वजन त्याच नंबरावर चढायचं, आणि त्या वजनावर तिची मजुरी. पण हे सगळं सुरू होण्याआधी, जे वापरणार त्यांनीच ते वापरून बघायचं, आणि पुढे काही महिने नीट चाललं की ‘आम्हांला मान्य आहे’ असं लिहून द्यायचं, अशी अट होती. ही चाचणी आखायची आणि पार पाडायची होती मला.

"आत्ता सापडलेली चूक दुरुस्त करणं सोपं," साहेबांनी मला समजावलं होतं. "एकदा मान्य म्हटलं की अवघड. म्हणून लोकांना बोलतं करा. ते खरोखर जसं काम करतात, अगदी तसंच करून बघू दे." मला हे इतकं पटलं की मी घरी वडिलांनाही ऐकवलं. ते म्हणाले, सरकारी कचेरीत ही पद्धत आणली तर कचेरी बंद पडेल.

मी मन लावून आखणी केली. बाई उशिरा आली तर काय व्हावं, कार्ड घरी विसरली तर, अर्ध्या दिवसाने पोराला ताप म्हणून गेली तर, लाईट गेली तर. शेवटची चाचणी मला वेगळी घ्यावी लागली नाही, ती आपोआप झाली आणि बऱ्याचदा झाली.

खरी पंचाईत निराळीच होती. शेडमधल्या बायका आसपासच्या गावांतल्या, शेतकरी घरांतल्या. नवरे मुंबईला. त्यांना मी एकेक करून संगणकापाशी आणायची, त्या चपला बाहेर काढून, पदर सावरून, देवळात आल्यासारख्या उभ्या राहायच्या. मी विचारायची, "कसं वाटलं? काही अडचण?" त्या म्हणायच्या, "नाय गो बाय. बरा हाय." एकीचं नाव चुकीचं आलं, चक्क दुसऱ्याच बाईचं आलं, तरी ती म्हणाली, "बरा हाय." दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या वस्तूला नावं कशी ठेवायची, असा त्यांचा हिशेब. रत्नागिरीत माणसांना नावं ठेवायला शिकवावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं! शेवटी मी शेडमध्ये जाऊन ओरडून सांगितलं, की ज्या बाईला काहीच चूक सापडणार नाही तिला मी चहा देणार नाही. तेव्हा कुठे हसल्या आणि बोलायला लागल्या.

त्यात त्या दोघी होत्या. सख्ख्या जावा. थोरलीला मी काकी म्हणायची, धाकटीला वहिनी. थोरली उंच, रापलेली, बोलायला फटकळ. धाकटी अंगाने बारीक, तिचं पोर अजून अंगावर पीत होतं. हजेरीपटावर नाव एकटीचंच, थोरलीचं, पण कामावर एक दिवस ती यायची आणि एक दिवस धाकटी. ही गोष्ट सगळ्या शेडला ठाऊक होती. मुकादमबाईंनाही ठाऊक होती, आणि काम कधी अडत नव्हतं म्हणून त्या काही म्हणत नसत.

हे असं का, ते कळायला सोलणीची शेड बघायला हवी. कोळंबी बर्फाच्या चुऱ्यात असायची आणि सोलायची ती दिवसभर त्याच बर्फाच्या पाण्यात हात घालून. वर तिची काटेरी शेंडी बोटांत घुसते. चार दिवस सलग काम केलं की बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून कुजायला लागायच्या. रात्री तुरटीच्या पाण्यात हात बुडवून, कोकमाचं तेल लावून बायका झोपायच्या, आणि सकाळी पुन्हा तेच. या दोघींनी मात्र आपल्यापुरती तोड काढली होती. थोरलीने मला हात पुढे करून दाखवले होते.

"एक दिस बर्फात, एक दिस सुकी," ती म्हणाली. "म्हंजे बोटां भरून येतात. नि घराकडं म्हातारी जाग्यावर पडलेली हाय, तिच्याजवळ एक कोण तरी नको?"

चाचणी अर्ध्यावर आली होती तेव्हा, दुपारच्या चहाला, कारखान्यामागच्या कातळावर काजूच्या सावलीत आम्ही बसलो होतो. मुकादमबाई होत्या, आणि घरच्या कामातून वेळ काढून धाकटीही त्या दिवशी मुद्दाम आली होती. थोरलीने सरळ विचारलं, "बाय, त्या यंत्रात आमी दोगी मावू काय?"

माझ्या मनात हा प्रश्न आधीपासून घोळत होता. कार्डावर फोटो एकच लागणार होता. मुकादमबाई म्हणाल्या, "उगीच कशाला दाखवायचं? चाललंय तसं चालू द्या."

"फोटू लागल्यावर कसां चालंल?" थोरली म्हणाली. "पयल्याच दिशी रखवालदार हिला फाटकातून माघारी धाडील. त्यापरास आताच सांगितलेला बरा. ही बाय सांगतेय ना, आता चूक गावली तर सोपा असता म्हणून?"

ते माझंच वाक्य होतं, म्हणजे साहेबांचं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की दाखवायचं. एका नंबराखाली दोन नावं आणि कार्डावर दोन फोटो, एवढंच तर हवं होतं. मला अगदी खात्री होती. रात्री मी आखणीत एक ओळ वाढवली आणि उत्साहाने झोपले.

दुसऱ्या दिवशी साहेब फाटकापाशी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. धाकटी थोरलीचं, चाचणीपुरतं फोटो लावून बनवलेलं कार्ड घेऊन आली. नंबर टाईप केला, थोरलीचं नाव उमटलं. रखवालदाराने कार्डावरचा फोटो पाहिला, समोरची बाई पाहिली, आणि त्याला सगळं माहीत असूनही, साहेब बसलेत म्हणून, कडक आवाजात म्हणाला, "ही ती नाय."

"मी जाव तिची," धाकटी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. ठरल्याप्रमाणे थोरली पुढे आली आणि तिने सगळं समजावून सांगितलं, बोटं, म्हातारी, एक दिस बर्फात, एक दिस सुकी. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मध्ये एकदा त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मग माझ्या कागदावर त्या ओळीसमोर त्यांनी लिहिलं, ‘उत्तीर्ण’.

"सर, उत्तीर्ण कसं?" मी विचारलं. "तिला आत जाता आलं नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "जिचं कार्ड नाही तिला आत सोडायचं नाही, हेच तर शेठना हवंय. कोणाच्या हातून माल गेला ते परदेशातली गिऱ्हाइकं विचारतात. यंत्राने बरोबर पकडलं."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, ते जसं खरोखर काम करतात तसं..."

"हो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दोन नावं ठेवता येतील हो. फार काम नाही त्यात. पण ते शेठनी सांगायला हवं."

मी तशीच शेठकडे गेले. शेठ वाईट माणूस नव्हते. शेडमधल्या एका बाईच्या बाळंतपणात त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही असं वाटतं तुला? गेली दोन वर्षं मी त्या दोघींना पाहतोय. माझ्या डोळ्यांपुढे होतं तोवर मी डोळेझाक करत होतो. आता ते मुंबईच्या माणसापुढे आलं, कागदावर आलं. उद्या तपासणी आली तर मी काय सांगू? एका जागेवर दोन बायका, दोघींची डॉक्टरी तपासणी, दोघींचे कागद. आज या दोघी, उद्या सगळी शेड मागेल."

"मग धाकटीला वेगळा नंबर द्या."

"जागा नाहीत. दोघींपैकी कोण ते त्यांना ठरवू दे."

मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, शेठ, हे दाखवायला त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "दाखवलं नसतंस तर पहिल्या दिवशी फाटकावर अडलंच असतं ना?" आणि हे अगदी खरं होतं. ते त्यांच्या जागी बरोबर होते, साहेब आपल्या जागी बरोबर होते, यंत्र तर बरोबर असायलाच बनवलेलं. त्या सगळ्या बरोबर असण्याच्या मध्ये मी नुसती उभी होते. एवढी असहाय मी पूर्वी कधी झाले नव्हते.

दोघींना सांगायची वेळ माझ्यावरच आली, दुपारच्या चहाला, त्याच कातळावर. मला वाटलं होतं थोरली चिडेल, मला फाडून खाईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "शेटान काय सांगितलान, यकच?" आणि धाकटीकडे वळली. धाकटी म्हणाली, "वयनी, मी येतंय. तुमची बोटां..." थोरलीने तिला पुरतं बोलू दिलं नाही. "नि पोराला काय बर्फातलं हात लावशील? तू ऱ्हव घराकडं. म्हातारीला बघ." एवढंच. चहा थंड व्हायच्या आत त्यांचं ठरून गेलं, आणि धाकटी कातळावरच्या पायवाटेने घरी निघाली. पुढल्या वळणापर्यंत ती मला दिसत होती.

दिवाळीनंतर प्रोग्राम सुरू झाला. झकास चालला. शेठनी पेढे वाटले, मला शाबासकी दिली, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच माझ्या कोर्सचं कौतुक झालं. थोरली रोज येत होती. गैरहजेरी लागली की संध्याकाळी यंत्र नावासकट यादी काढून द्यायचं, म्हणून ती एकही दिवस चुकवत नव्हती. फाटकावर ती कार्ड दोन तळव्यांमध्ये धरून दाखवायची. मी एकदा घरून हळद घालून गरम केलेलं खोबरेल बाटलीत भरून नेलं. तिने ते घेतलं, लावलंही असेल. सकाळी पुन्हा बर्फ होताच. मी मुकादमबाईंच्या पाठीस लागून तिला काही दिवस सोलणीतून काढून वेचणीला, म्हणजे सोललेला माल निवडायला, लावून घेतलं, पण प्रोग्राम फक्त सोललेलं वजन धरायचा, वेचणीचं तिच्या नंबरावर चढेना, आणि ती आपणहून परत सोलणीत जाऊन बसली.

शिमग्याच्या आधी साहेब अखेरचा कागद घेऊन मुंबईहून आले. व्यवस्था नीट चालते आहे आणि ती आम्हांला मान्य आहे, असं वापरणाऱ्यांच्या वतीने लिहून द्यायचं होतं. सही किंवा अंगठा. बायकांच्या वतीने कोण, असं त्यांनी विचारलं. शेठनी यंत्रातून हजेरी काढायला लावली. एकदाही न चुकलेली बाई एकच निघाली.

थोरली चपला काढून आत आली. मी शाईचं पॅड पुढे केलं. तिने डावा अंगठा पॅडवर टेकला, कागदावर टेकला आणि उचलला. कागदावर शाईचा एक गोल डाग उमटला होता. त्यात एकही रेघ नव्हती. साहेबांना वाटलं शाई जास्त झाली. त्यांनी तिचा अंगठा फडक्याने पुसायला घेतला आणि मध्येच थांबले. अंगठा गुळगुळीत होता, चकचकीत आणि लाल, पोळलेलं कातडं नव्याने येतं तसा. मी दुसरा अंगठा घ्यायला सांगितलं. तसाच डाग.

"चालेल," साहेब हळूच म्हणाले. मग, नियमाप्रमाणे विचारायलाच हवं म्हणून, त्यांनी तिला विचारलं, "बाई, या यंत्राबद्दल काही तक्रार? काही अडचण?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. आता तरी बोल, असं मी मनात म्हणत होते, आणि बोलून काही होणार नाही हेही मला माहीत होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, शाईचे अंगठे मुठीत घेतले आणि पदराखाली नेले.

"नाय," ती म्हणाली. "बरा हाय."