यादीत नसलेलं पिस्तूल

गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते पिस्तूल घेऊन जाणार की काचेवर नुसते बोटांचे ठसे ठेवून जाणार, हे मला काउंटरमागून कळतं. अर्लिंडो बोर्बा ठसेवाल्यांतला. कित्येक वर्षं तो दर शुक्रवारी दुपारी यायचा, दुकानातली निम्मी पिस्तुलं बाहेर काढायला लावायचा, एकेकाचा चाप ओढून बघायचा आणि जाताना फार तर तेलाची एक बाटली न्यायचा. आमचा मालक गार्लंड टीटर त्याला 'परीक्षक' म्हणायचा. मी मनातल्या मनात याहून वाईट काहीतरी म्हणायचे, पण तोंडावर कोंपाद्रेच. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता, आणि आम्हा पोर्तुगीज लोकांत हे नातं एकदा जुळलं की मरेपर्यंत सुटका नाही. तो मला कोमाद्रे म्हणतो.

त्याचं सगळं आयुष्य गोठ्यांत गेलं, पण गाईंपेक्षा दूध काढायच्या यंत्रांच्या संगतीत. आमच्या खोऱ्यात कुणाचं यंत्र अडलं की अर्लिंडोला बोलावणं जायचं. तो आधी नळीवर बोट ठेवून गप्प उभा राहायचा, गोठ्याचा मालक बिचारा हातात टोपी घेऊन ताटकळायचा, आणि मग हा सांगायचा की अमुक झडप चिकटतेय. तेच बोट तो शुक्रवारी माझ्या काउंटरवर घेऊन यायचा.

मी दुकानात नवी होते तेव्हा त्यानेच मला शिकवलं.

"नीट ऐक, कोमाद्रे. चापाला आधी ढिलाई असते. बोट आत जातं, काही होत नाही. मग भिंत लागते. तिथं थांब. आता हळूच दाब. तुटली भिंत?"

"तुटली."

"कशी तुटली?"

"तुटली म्हणजे तुटली, बाबा!"

"अगं, वाळलेली काडी मोडते तशी, की च्युइंगम ताणून तुटतो तशी? यातच सगळं आहे. बाकी काय, लोखंड."

आणि दर वेळी, अगदी दर वेळी, चापाला बोट लावण्याआधी विचारायचा, "ओढून बघू का?" दुसऱ्याचं पिस्तूल रिकामं असलं तरी न विचारता चाप ओढणं आमच्या धंद्यात उष्ट्या हाताने दुसऱ्याच्या ताटातलं उचलण्यासारखं आहे. पण इतक्या वर्षांत मी त्याला कधी नाही म्हटलं होतं का? तरी विचारायचाच.

शेल्फच्या टोकाला एक स्वस्तातलं काळं प्लास्टिकचं पिस्तूल असायचं. त्यावर त्याचा विशेष राग. "हा चाप आहे? हे चिखलात रुतलेलं फाटक आहे. ओढतोय, ओढतोय, आणि अचानक तोंडावर येतं. कोण घेतं गं हे?"

"ज्यांना घाई असते ते," मी म्हणायचे.

त्याला घाई नव्हती. त्याचं मन एका झेक बनावटीच्या पोलादी पिस्तुलावर बसलं होतं. शेजारच्या नेवाडा राज्यातल्या चुलतभावाच्या अंगणात त्याने ते एकदाच ओढून पाहिलं होतं, आणि त्या चापाबद्दल तो जितक्या मायेने बोलायचा तितका स्वतःच्या लग्नाबद्दलही बोलायचा नाही. पण आमच्या राज्याची एक यादी आहे. त्या यादीत नाव असेल तेच नवं पिस्तूल मी विकू शकते, आणि झेकवालं यादीत नाही. हद्द ओलांडली की नेवाडात कुठल्याही दुकानात मिळतं, पण इथल्या माणसाला तिथून आणता येत नाही. पोलिसांना मात्र सगळं चालतं.

"म्हणजे पोलिसाच्या हातात ते सुरक्षित आणि माझ्या हातात धोक्याचं?" अर्लिंडो काउंटरवर हात आपटायचा. "हा हात बघ! या हाताने मी कधी गाईला सुद्धा दुखवलं नाही."

"मला काय सांगतोस? राजधानीत जाऊन सांग."

म्हणून दर शुक्रवारी आत आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "आलं का यादीत?"

"नाही."

"मग थांबतो," असं म्हणून तो टोपी काढून काउंटरवर ठेवायचा, आणि आमची शुक्रवारची दुपार सुरू व्हायची.

फिलोमेना, त्याची बायको, विसरायला लागली तेव्हाही त्याने शुक्रवार सोडला नाही. दोघांना मूलबाळ नाही. चर्चमधल्या बायका आळीपाळीने शुक्रवारी तिच्यापाशी बसायच्या, आणि तेवढाच वेळ त्याला घराबाहेर पडता यायचं. बाकी सगळा आठवडा तो दाराला आतून कुलूप लावून तिच्यासोबत बसलेला. ती कपाटं उघडायला लागली तशी त्याने घरातली रायफल आणि शॉटगन दोन्ही चुलतभावाकडे पाठवून दिल्या. मी म्हटलं, "कोंपाद्रे, तू तर कोंडलास रे पार." तो म्हणाला, "कोंडलोय खरा. पण आत ती आहे ना."

पुढे ती आतही राहिली नाही. तिला स्वतःचं घरच ओळखू येईना, रस्त्यावर धावत सुटायला लागली, आणि शेवटी तिला अशा माणसांना सांभाळणाऱ्या आश्रमात ठेवावं लागलं. तो रोज जायचा. मग एक दिवस त्याला बघून ती किंचाळली. दुसऱ्या दिवशीही. तिच्या लेखी हा कुणीतरी परका पुरुष, खोलीत शिरलेला. तिथल्या नर्सबाईने त्याला बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं, काही दिवस येऊ नका, तुम्ही आलात की त्यांना त्रास होतो. एवढं त्याने मला सांगितलं आणि त्यानंतरचे शुक्रवार तो आलाच नाही. मी सूप घेऊन गेले तर दार किलकिलं करून भांडं घेतलं आणि दार लावून टाकलं. पाद्रीबाबांनाही तसंच परत पाठवलं.

मग तो एका मंगळवारी आला. बाहेर धुकं इतकं दाट की समोरचा पेट्रोलपंप दिसत नव्हता. त्याने टोपी काढली नाही. यादीचं विचारलं नाही. शेल्फच्या टोकाकडे बोट करून म्हणाला, "ते दे."

मी चेंबरमध्ये गोळी नसल्याचं दाखवून ते काळं प्लास्टिक त्याच्यासमोर ठेवलं. तो हात लावेना.

"ओढून बघ ना," मी म्हटलं.

"नको. फॉर्म काढ."

चाप न ओढता पिस्तूल घेणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना घरी नेऊन तो एकदाच ओढायचा असतो. पण अर्लिंडो?

"कशाला हवंय तुला?"

"एकटा असतो. चोर येतात."

"तुझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय? झडपांचा डबा?"

तो हसला नाही. "तुला द्यायचं नसेल तर सांग. हायवेवरचा दुकानवाला देईल."

आणि तो देईल हे मला ठाऊक होतं. तिथलं कुणी त्याला ओळखत नाही, तिथे तो एक म्हातारा, खिशात पैसे आणि कागदपत्रं नीट. मी नाही म्हणावं तर तो माझ्या हातातून सुटला, आणि हो म्हणावं तर मीच त्याच्या हातात ते ठेवलं. पोलिसांना काय सांगू, की या माणसाने चाप ओढून पाहिला नाही? मी फॉर्म काढला. आमच्याकडे पैसे भरले तरी दहा दिवस पिस्तूल हातात मिळत नाही. राज्याच्या नियमांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, पण त्या दिवशी त्या दहा दिवसांना मनातल्या मनात नमस्कार केला.

ते दहा दिवस मी रोज काही ना काही निमित्त काढून त्याच्या दारात गेले. कधी दार उघडलं, कधी नाही. मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, आई, तुझ्या डोक्यात काहीतरी येतं. गार्लंडला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला डॉक्टर कुणी केलं, एडविना? तो तसं बोलला का? नाही ना?"

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, अर्लिंडो पिस्तूल न्यायला आला. न्यायच्या आधी एक शेवटचा नियम असतो. गिऱ्हाईकाने दुकानदारासमोर ते नीट हाताळून दाखवायचं. गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, वरची सरकती स्लाइड मागे अडकवायची, चेंबर बघायचं, खोटी गोळी घालून काढायची, शेवटी पिस्तुलातून तारेचं कुलूप ओवून लावायचं. शाळेतल्या पोराला जमेल असं काम, पण चुकला तर त्या दिवशी पिस्तूल मिळत नाही. अर्लिंडोने ते डोळे मिटूनसुद्धा केलं असतं.

त्याने सगळं केलं. मी म्हटलं, "नापास."

"काय?"

"बोट चापाजवळ गेलं."

"माझं? बोट?"

"हो, तुझं."

असा भडकला तो! "मी शिकवलं तुला! चाप कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं तुला, मठ्ठ बाई!" तो दार आपटून गेला. मला वाटलं, आता हायवेवर जाणार, तिथे पुन्हा दहा दिवस, म्हणजे दहा दिवस तरी मिळाले.

पण पुढच्या शुक्रवारी तो परत माझ्याकडेच आला. या वेळी मी खोट्या गोळीवरून नापास केलं. ती त्याने नीट धरली नाही, असं म्हटलं. धादांत खोटं. त्याने ती गोळी काउंटरवर ठेवून दिली.

मग मी काउंटरवर वाकले आणि विचारलंच. "कोंपाद्रे, तू स्वतःला काही करून घेणार आहेस का?"

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. मग म्हणाला, "घरात कुठेही बसलो तरी तिची किंकाळी ऐकू येते. कुठल्या खोलीत जाऊ, सांग."

"माझ्या घरी चल. आत्ता."

"आणि तिथे ऐकू नाही येणार?" तो म्हणाला, आणि गेला. मी मागोमाग रस्त्यापर्यंत धावले, पण धुक्यात त्याच्या गाडीचे मागचे दिवेसुद्धा दिसले नाहीत. त्या संध्याकाळपासून माझा मुलगा शेवटी त्याच्याकडे झोपायला जायला लागला. धर्मपिता त्याचा, तेवढं तरी केलंन.

तिसरा शुक्रवार शेवटचा. फॉर्म भरल्यापासून तीस दिवसांत पिस्तूल नेलं नाही तर सगळं रद्द होतं, आणि तीस दिवस पुढच्या शुक्रवारच्या आधीच संपत होते. नेमकं त्याच दिवशी गार्लंड माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

"दोनदा नापास केलंस म्हणे परीक्षकाला. दुकानात लोक हसतात, एडविना. परवाना माझ्या नावावर आहे. आज मी बघणार."

आता मी पुरती अडकले. गार्लंडला डोळे आहेत, बोट चापाजवळ गेलं म्हटलं तर तो म्हणणार, कुठे गेलं? अर्लिंडो आला, दाढी वाढलेली, आणि मी ते काळं प्लास्टिक त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने मॅगझिन काढलं. स्लाइड मागे घेतली. चेंबरमध्ये डोळ्याने बघितलं, मग करंगळी घालून बघितलं, जुन्या सवयीने. खोटी गोळी आत, खोटी गोळी बाहेर. एकही चूक नाही. गार्लंडने पेन काढून माझ्या हातात दिलं.

राहिलं फक्त कुलूप. अर्लिंडोने ते उचललं, त्याची तार बोटांत धरली आणि थांबला. तसाच उभा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कोमाद्रे, हे कुठून घालायचं?"

गार्लंड हसला. "अरे, हे तर तूच मला दाखवलं होतंस!"

"विसरलो," अर्लिंडो म्हणाला. "हल्ली आमच्या घरात विसरण्याची साथ आहे."

त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. डोळे भरून आले होते त्याचे, आणि माझे तर वाहतच होते, लपवायला जागा होती कुठे.

"नापास," मी म्हटलं.

गार्लंडने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून पेन परत घेतलं, खिशात ठेवलं आणि मागच्या खोलीत निघून गेला.

कुलूप काउंटरवर ठेवून अर्लिंडोने पिस्तुलाकडे पाहिलं. "ओढून बघू का?"

"बघ."

त्याने ओढलं, आणि त्याचं तोंड आंबट झालं. "शी. असलं कुणी पैसे देऊन घेतं?"

"तू घेतलंस, गाढवा."

त्याने ते माझ्याकडे सरकवलं आणि बाही तोंडावरून फिरवली. मग दाराबाहेरच्या धुक्याकडे वळला. मला वाटलं, आता जाईल.

"झेकवालं आलं का यादीत?"

"नाही."

"मग थांबतो," तो म्हणाला, आणि त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली.