लाँचचं तिसरं ऑईल सील

तेच ऑईल सील तिसऱ्यांदा बदलायला मी मार्गासनीहून निघालो तेव्हा बायको वैतागून म्हणाली, "दुसरा मिस्त्री न्हाई का भोरात?" असेलही. साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात. शेतीपंपाची इंजिनं खोलण्यात जन्म गेलाय, पण लाँचच्या पोटात वाकून बसायचा आता मनापासून कंटाळा येतो. तरी निघालो, कारण फोन आबांचा होता.

आबा म्हणजे धरणाच्या फुगवट्यात पलीकडच्या वाड्यांची माणसं ने-आण करणारे लाँचवाले. सत्तरी ओलांडलेली, दुसरं काही येत नाही. त्यांचं जुनं इंजिन मीच बसवून दिलेलं. पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, इंजिनातून जिथून बाहेर येतो तिथं तेल अडवायला रबराची कडी असते, तेच हे ऑईल सील. ते झिजलं की तेल गळून लाँचच्या तळाशी साचतं आणि तळातलं पाणी उपसताना धरणात जातं. आबांचा धक्का आणि बायकांचा पाणी भरायचा काठ एकच. दोनदा हंड्यांत तवंग आल्यावर बायकांनी बजावलं होतं, "आता तेल दिसलं तर लाँच हितं लावू द्यायची न्हाई. आमी काय डिझेल प्यायचं व्हय?" त्यांचं काही चूक नव्हतं. पण दुसरा धक्का नव्हता, आणि लाँच बंद म्हणजे आबा घरी.

मी सील काढलं. महिन्याभरात खलास. दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, नवं सील बसवायला घेतलं, आणि शाफ्टवरून सहज नख फिरवलं. नख अडलं. सील टेकतं तिथं चरी पडली होती. आधी दोनदा मी नख फिरवलंच नव्हतं. घाई होती, कंटाळा होता, दुसरं काय. चरीबाहेरचा शाफ्ट मात्र देवघरातल्या तांब्यासारखा लखलखत होता.

"आबा, हे कोण घासतंय?"

"म्याच की," आबा खुशीत म्हणाले. "दर दसऱ्याला पॉलिश पेपरनं घासतो, मग हळद-कुंकू. लक्षुमी हाय ती, काळी कशी ठिवायची?"

घासताना सुटलेली बारीक रेती सीलखाली शिरत होती, आणि शाफ्ट फिरेल तसं तेच रबर शाफ्टला कापत होतं. त्या चरीवर नवं सील टिकणार कसं? नवं सील सूतभर आणखी आत ठोकलं, न घासलेल्या जागेवर. पलीकडच्या काठाला जाऊन आलो. खाली अंथरलेलं फडकं कोरडंच राहिलं. काठावरच्या एका बाईनं पाण्याकडे निरखून पाहिलं आणि हंडा बुडवला. आबांनी तिला उगाचच हात जोडले.

मग चहा पिताना त्यांनी विचारलं, "मंग आदुगरच्या दोन सिलांना काय झालतं?"

खोटं सांगायला हवं होतं. पण पुढच्या दसऱ्याला ते पुन्हा घासणार, म्हणून खरं सांगून टाकलं. आबांनी कप खाली ठेवून आपले तळवे पाहिले.

"म्हंजी इतकी वर्सं म्याच खात हुतो व्हय तिला?"

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं, आबा," मी म्हणालो.

तो पॉलिश पेपर दरवर्षी दसऱ्याच्या आधी मीच त्यांना आणून देत होतो. कशाला लागतो, हे मिस्त्री असून एकदाही विचारलं नव्हतं. तेवढंही सांगायचं होतं. पण मी फार दमलो होतो, आणि आबा त्यांच्या हातांना दोष देत होते. मी त्यांना तो देऊ दिला.