राखाडीवर राखाडी

माझ्या सासऱ्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन आज सोळा दिवस झाले. डॉक्टरांच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं त्यांनी वाचली, पण समाधान नाही. "अक्षरं पाठ होतात. विमान दिसलं तर खरं," म्हणाले. आमच्या गच्चीवरून हवाई दलाची विमानं दिसतात. ती ओळखणं हा त्यांचा जुना नाद.

सकाळी ढगाळ होतं. घरघर ऐकू आली तशी मी आवाजाच्या दिशेला पाहू लागलो.

"जावईबापू, आवाज मागे राहतो. पुढे बघा."

हिशेब बरोबर होता. तीन किलोमीटरवरून आवाज पोचायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात विमान दीड-दोन किलोमीटर पुढे जातं. पुढे पाहिलं, तर राखाडी आभाळात तसंच राखाडी, कडा पुसल्यासारखं विमान. ते कुणाला दिसू नये म्हणून कुणीतरी किती बारकाईने तो रंग निवडला असेल! आणि इथे एक म्हातारा माणूस ते दिसावं म्हणून मान वर करून उभा. रंग निवडणाऱ्याला हे कळलं, तर तोही यांच्याच बाजूने होईल.

"दिसलं मला," मी म्हणालो. दिशा मुद्दाम सांगितली नाही.

"कुठलं? डावं की उजवं?"

मला एकच दिसत होतं. डोळे ताणून पुन्हा पाहिलं, तेव्हा त्याच्या डावीकडे खरंच दुसरं सापडलं.